वडाचं सूत आणि जन्मभराचं पेन्शन

पेण,
वटपौर्णिमेनंतरचा दुसरा रविवार

श्री. हैबतरावदाजी यांसी, गुडघे परवानगी देतील तितकं वाकून मेहुण्याचा नमस्कार. तुमचा खोकला, शकूची कंबर आणि तुमच्या कंपनीची रात्रपाळी, तिन्ही आता उतरणीला असतील अशी आशा आहे. (तिसरी तर निवृत्तीबरोबर सुटेलच.) आम्ही इकडे सुखरूप आहोत. मध्यंतरी माझं दोनदा निधन झालं, पण ते घरातल्या घरात, चहाच्या वेळी झाल्यामुळे कुणाला कळवलं नाही.

त्याचं असं झालं. शाळेने मला निरोपाचा नारळ दिला आणि त्यामागून फंडाची रक्कम आली. आमची संस्था खाजगी, तेव्हा पेन्शनच्या नावाने शंख. म्हणून माझा जुना विद्यार्थी पुंडलिक (माझ्या संस्कृतच्या तासाला शब्द चालवताना कायम द्विवचनात अडखळणारा, आता विम्याचा एजंट) ‘अॅन्युइटी’ घेऊन आला. शुद्ध मराठीत तिला वार्षिकी म्हणतात आणि ती दरमहा मिळते, यावरून शुद्ध मराठीची कल्पना यावी. व्यवहार सोपा आहे. आपण गाठोडं एकदाच कंपनीच्या हवाली करायचं आणि कंपनीने आपल्याला जन्मभर दरमहा ठरावीक पैसे द्यायचे. आपण लवकर आटपावं यात कंपनीचं हित, आणि आपण नव्वदी गाठून तिला बुडवावं असा आपला हट्ट. म्हातारपणी जगण्याला एवढं सबळ कारण मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

घोळ आहे तो पर्यायांचा. ‘यावज्जीव’ पर्यायात महिन्याचा आकडा सगळ्यांत मोठा, पण आपण डोळे मिटले की कंपनीही डोळे मिटते. ‘जोडीचा’ घेतला तर आकडा थोडा घटतो, मात्र एक गेल्यावर दुसऱ्याला तेवढंच चालू राहतं. मुद्दल वारसांना परत हवं तर आकडा आणखी रोडावतो. शिवाय पंधरा वर्षांच्या हमीचा एक आहे: आपण तिसऱ्याच वर्षी गेलो तरी उरलेली वर्षं पैसे घरी येतात, आणि पंधरानंतरही जगलो तर जगू तोवर आपल्यालाच. दरसाल थोडं वाढत जाणारंही मिळतं, पण सुरुवातीला ते लग्नातल्या आहेरासारखं, पाकिटापुरतं. काहीही निवडा, सही करून मुदत उलटली की बदल नाही. (विवाहासारखंच, फरक इतकाच की इथे फेरविचाराला थोडे दिवस देतात.)

मी जोडीचा ठरवला. त्यावर हिची सही हवी होती, आणि पुंडलिकाने ती मागायला मुहूर्त काढला वटपौर्णिमेचा. ही वडाला सूत गुंडाळून, फणसाचे गरे घेऊन दारात येते, तोच हा म्हणतो, “बाई, समजा सर उद्या गेले...”

दाजी, तुमच्या वहिनीचं माहेर धरमतरच्या खाडीकडचं; तिकडे भरतीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. “मेल्या, आत्ता वडाला सूत गुंडाळून आलेय मी, नि तू हितं बसून यांना मारतोस व्हय रं?” असं म्हणून तिने त्याच्या पुढ्यातला चहा उचलला. तो भरलेला होता. माझाही उचलला; वास्तविक मी त्या वाक्यात केवळ कर्म होतो.

“अगं, तुझ्यासाठीच आहे ते,” मी म्हणालो.

“मला नको. मी कपाळाला कुंकू घेऊन जानार. तुमच्यामागं खायचे पैसे मी आत्ताच मोजायला बसू? मोठा आकडा घ्या नि गप बसा.”

तीस वर्षं ज्या व्रताने मला जिवंत ठेवलं, ते फसणार असं कागदावर लिहून द्यायला ती तयार नव्हती. माझा तर्कशास्त्राचा अभ्यास आठवडाभर कामी आला नाही. पुंडलिक पुन्हा आला, “समजा” म्हणाला, आणि माझं दुसरं निधन पार पडलं. अखेर मी नावं उलटी केली: पहिलं हिचं, दुसरं माझं. कागद तसाच, पैसे तेवढेच.

“मी गेल्यावर यांना मिळंल ना?” तिने विचारलं.

“शेवटपर्यंत, बाई.”

“मग आन रे पेन. यांना साधा भात लावता येत नाय.”

सही झाली. आता दर वर्षी आपण जिवंत असल्याचं कंपनीला कळवायचं आहे, त्यासाठी तिने नवं लुगडंही काढून ठेवलंय. असो. शकूला आशीर्वाद.

तुमचा,
रघुनाथ

ता.क. शकूच्या बोलण्यात आलं की तुम्ही यावज्जीव घेताय, आकडा मोठा म्हणून, आणि तीही म्हणते, “मी आधीच जानार, घ्या मोठा.” दाजी, तीही वडाला सूत गुंडाळते, आणि तुमचा खोकला मी ऐकलाय. पुंडलिक उद्या सकाळच्या गाडीने रोह्याला तुमच्याकडे हे पत्र आणि पोह्याचे पापड घेऊन येतोय. पापडांखाली जोडीचा कोरा अर्ज आहे. शकूचं नाव आधी घाला. तिला काहीही समजावू नका. पुंडलिकाला बोलू देऊ नका.

ता.क. दुसरा. पत्र हिला वाचून दाखवलं. म्हणते, “नाव म्होरं का मागं, पैसा तोच, ते काय मला कळत नाय? पन ज्या हातानं सूत गुंडाळलं, त्या हातानं ‘हे गेल्यावर’ असं कसं लिहू? दाजींना सांगा, शकूलाबी कळंल. ती कळलं असं म्हननार नाय, एवढंच.”