लोलकाचं पान

प्रिय अण्णा,

हे पत्र तुला वरच्या मजल्यावरची उजमा वाचून दाखवत असेल. उजमा, शाळेतून दमून आली असशील, तरी जरा बस. आणि मधलं काही गाळू नकोस, अण्णाला गाळलेलं लगेच कळतं. फोनच केला असता, पण फोनवर हा भाऊ मला बोलू कुठे देतो? दोन वाक्यं झाली की 'जेवलीस का' विचारतो आणि ठेवून देतो.

मागच्या महिन्यात मी लातूरला आले ती तुला कायमचं नांदेडला घेऊन जायला. मी ते तोंडाने म्हटलं नाही आणि तूही विचारलं नाहीस, पण मोठी रिकामी बॅग मी कोपऱ्यात ठेवली तेव्हा तिच्या आवाजावरून तू काय ते ओळखलंस. वहिनी गेल्यापासून अमरनाथचा एकच धोशा होता, 'आई, मामाला घेऊनच ये. दिसत नाही, एकटा माणूस, गॅस आहे, जिना आहे.' माझ्या या लेकाने खालची खोली रिकामी करून पलंगसुद्धा टाकला होता. मलाही ते पटलं होतं. त्यात मी दारातून आत पाऊल टाकलं तर तू हॉलच्या मधोमध, दोन्ही हात पुढे करून, वाट चुकलेल्या माणसासारखा उभा. स्वतःच्या घरात! मला रडूच फुटलं. आता याला इथे ठेवायचं नाही, असं मी चप्पल काढतानाच ठरवून टाकलं.

तू मात्र मला म्हणालास, "उजू, रडू नकोस, चहा टाक. घड्याळ बंद पडलंय, दुसरं काही नाही." आपल्या अप्पांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं ते कुकू घड्याळ मी लहानपणापासून बघत आलेय. दर तासाला दार उघडून ओरडणारा लाकडी पक्षी, साखळीला लोंबणारी लोखंडी वजनं, लोलकाच्या काडीवर बसवलेलं कोरीव पान. मला ते शोभेचं वाटायचं. वेळ तर तुझा मोबाइलच बोलून सांगतो. पण त्या दिवशी तू मला समजावलंस, की टिकटिक उजव्या कानाला आली म्हणजे समोर स्वयंपाकघर, पाठीमागून आली म्हणजे जिना. ती थांबली की हॉलला भिंतीच उरत नाहीत. रंगवाल्यांनी घड्याळ उतरवलं होतं आणि परत टांगताना नेहमीसारखं किंचित कललेलं न ठेवता अगदी सरळ टांगलं, तिथेच घोटाळा झाला होता.

मी मदतीला पुढे झाले तर तू मला खुर्चीत बसवलंस. मग जे केलंस ते मी तुझ्याकडे टक लावून बघितलं, आता सांगायला हरकत नाही. आधी तू लोलकाला बोटाने हलकेच झोका दिलास आणि मान वाकडी करून ऐकत राहिलास. "लंगडून राहिलंय," म्हणालास. मला काहीच कळेना. तू अंगठ्याने घड्याळाचं बूड डावीकडे किंचित सरकवलंस, ऐकलंस, परत सरकवलंस. आणि मग मलाही ऐकू आलं, अण्णा. टिक ते टक आणि टक ते टिक, दोन्ही अंतरं सारखी झाली, जणू माणूस चपलेतला खडा काढून चालायला लागला. तू कामाला होतास त्या डाळमिलमध्ये मशीनचा पट्टा सैल झाला की तू ऑफिसात बसून सांगायचास, तोच हा कान. मी म्हटलं, "अण्णा, घड्याळ पार वाकडं दिसतंय." तू म्हणालास, "दिसू दे की. मला कुठं दिसतंय!" आणि स्वतःच इतका हसलास की वरून उजमा ओरडली, "अण्णा, पक्षी चालू झाला का नाही? दोन दिवस झाले, तो ओरडत नाही आणि रोज माझं दूध उतू जातंय!"

पण घड्याळ अजून मागे पडत होतं. पान काडीवरून खाली घसरलं होतं, म्हणून झोका सावकाश. तू ते नखाएवढं वर सरकवलंस आणि हात काढून घेतलास. मी म्हटलं, अजून थोडं सरकव ना, एकदाचं होऊन जाऊ दे. "घाई नाही. उद्या सांगेल ते," म्हणालास. दुसऱ्या दिवशी मोबाइलशी ताडून पुन्हा केसभर वर. तिसऱ्या दिवशी पुढे गेलं, तर तितक्याच शांतपणे खाली. एकदाही चिडला नाहीस. मी घरात एक भांडं सापडलं नाही तरी आदळआपट करते. मधल्या वेळात तू भाकरी थापल्यास, गॅसची शेगडी पुसलीस, जिना उतरून किराणा घेऊन आलास, आणि दुकानदाराने भलतीच नोट परत दिली नाही ना, हे बोटांनी तपासलंस. मी त्या रिकाम्या बॅगेची चेनही उघडली नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तू विचारलंस, "उजू, तुझ्या बांगड्या भिंतीला का घासून राहिल्यात?" मी म्हटलं, दिवा मंद आहे.

दिवा चांगला होता, अण्णा. उजमा, थांबू नकोस, वाच. अप्पांचं, तुझं जे दुखणं, तेच मला लागलंय. समोरचं दिसतं, कडेचं विझत चाललंय. तुझ्याकडे येण्याआधीच इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बरं होणारं नाही, पण वेळ आहे म्हणाले. तुझी काळजी करता करता मी माझंच भविष्य बघायला आले होते, आणि खरं सांगते, दारात तुला तसा उभा पाहिला तेव्हा मी तुझ्यासाठी रडले नाही. नंतरच्या दिवसांत तू मला जे दाखवलंस, त्याच्या आधारावर हे लिहितेय. तू लातूर सोडायचं नाहीस. पण दोन दिवस नांदेडला ये, एसटीने, एकटा. मी स्टँडवर असेन. अमरनाथला मी अजून काही सांगितलेलं नाही, तो फार घाबरेल. सांगताना तू त्याच्यासमोर बसलेला असलास, की मला फारसं समजवावं लागणार नाही.

तुझीच धाकटी,
उज्वला