अकरा सेकंदांची पांढरी पट्टी

तीर्थरूप मामा,

टाचणीचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (हे खोटं आहे, पण पत्राची सुरुवात खोट्याने करायची ही आपल्या घरातली जुनी रीत.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींनी डोळ्यांत घालायचे थेंब हातात घेतले की तुम्ही अजून मागच्या दाराने पसार होता का? कानातलं यंत्र कानात असतं की टेबलाच्या खणात? आई म्हणते, दादाला हवं तेवढं सगळं ऐकू येतं. असो. तब्येतीला जपा. निदान गुरुवारपर्यंत तरी जपाच. का, ते खाली येईल.

देशाला पन्नास वर्षं होताहेत आणि त्याचा सगळा भार आमच्या संग्रहालयाच्या तळघरावर, म्हणजे माझ्यावर आला आहे. बाकीचे लोक झेंडे धुताहेत, मी टेपा धुते आहे. पहिल्या अध्यक्षांचं पहिल्या दिवसाचं भाषण, जे तुम्ही वयाच्या पंचविसाव्या वर्षी रेडिओच्या स्टुडिओत मुद्रित केलंत आणि ज्याच्या डब्यावर तुमची ती वळणदार सही आहे, त्याची मूळ टेप यंदा पहिल्यांदाच उघडायची ठरली. आजवर सगळे नकलेची नक्कल ऐकत आले. त्या भाषणातली ती अकरा सेकंदांची शांतता मी तुम्हाला काय सांगू? शाळेत आम्हाला हमखास प्रश्न यायचा, ‘अध्यक्ष मध्येच का थांबले?’ उत्तर, त्यांना भावना अनावर झाल्या. दोन गुण. दरवर्षी त्या दिवशी अख्खा देश अकरा सेकंद उभा राहतो, बस थांबते, न्हावी वस्तरा गालावरून उचलतो. आणि आपल्या घरात सगळ्यांत ताठ कोण उभं राहतं? तुम्ही!

तर ती टेप उघडली आणि ती चिकट निघाली. जुन्या टेपांवरचा लेप दमटपणाने चिकट होतो आणि तशीच मशीनवर लावली तर सोलून निघतो. त्यावर उपाय एकच, मंद आचेच्या भट्टीत आठ तास शेकायची. चौपन्न अंश, त्याहून जास्त नाही. मी सकाळी आठपासून त्या भट्टीसमोर स्टूल टाकून बसले, बाळंतिणीच्या दाराशी बसतात तशी. पहारेकरी तीनदा येऊन विचारून गेला की काय शिजतंय आणि वास का येत नाही. संचालक (भला माणूस, पण काळजीने स्वतःची नखं आणि दुसऱ्याचं डोकं खातो) दर अर्ध्या तासाला येऊन काच पुसत होते. चार वाजता मी रीळ बाहेर काढलं तेव्हा माझ्या पाठीचा पार भुगा झाला होता, आणि खरं संकट तर अजून यायचंच होतं.

रीळ निवल्यावर मशीनवर लावलं. तुमचा आवाज आधी, ‘चाचणी, एक, दोन’. इतका कोवळा होता मामा, की मला हसूच आलं. मग भाषण. मग ती शांतता आली, आणि तपकिरी टेपच्या जागी मशीनमधून पांढरीशुभ्र पट्टी सरकू लागली. कोरी! जिच्यावर काही उमटतच नाही, जी आपण टेपच्या सुरुवातीला जोडतो, ती. दोन्ही टोकांना नीट तिरका छेद आणि चिकटपट्टी. मी मोजली, जवळजवळ सात फूट. म्हणजे अध्यक्ष थांबलेच नव्हते. कुणीतरी अकरा सेकंदांची टेप कापून काढली आणि प्रसारणाची ठरलेली वेळ बिघडू नये म्हणून तेवढ्याच लांबीची कोरी पट्टी जोडली. काम इतकं सुबक की जोड ऐकू येत नाही. असा छेद मला कुणी शिकवला, हे मी लिहायला हवं का?

मी तेव्हाच मिटवून टाकलं असतं. पण दैव आडवं आलं. त्या दिवशी स्टुडिओत एक कॅमेरावाला मुकी फिल्म घेत होता, ती हरवली असं सगळे समजत होते. ती गेल्या महिन्यात त्याच्या नातवाला सापडली. (डब्यावर ‘मेहुणीचं लग्न’ असं लिहिलेलं होतं, म्हणून पन्नास वर्षं कुणी उघडला नाही.) समितीची इच्छा अशी, की गुरुवारी सकाळी दहा वाजता ही फिल्म आणि तुमची टेप जोडून दाखवावी. काल मी एकटीने दोन्ही एकत्र चालवली. शांतता सुरू झाली आणि पडद्यावर अध्यक्षांचे ओठ हलत होते. आवाज नाही, आणि ओठ चालूच. मग ते खोकले. फिल्म मागे घेऊन पुन्हा पाहिली, तर ओठ हलण्याआधीच बाजूने एक हात पाण्याचा पेला घेऊन पुढे आला, पाणी हिंदकळून टेबलावर सांडलं, आणि त्या मनगटावर घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला होती. तसं घड्याळ घालणारा एकच माणूस मी पाहिला आहे. ‘घाबरलेल्या अध्यक्षांना मीच धीर दिला’, हे तुम्ही प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक लग्नाला सांगत आलात, पण ही पेल्याची गोष्ट कधी सांगितली नाहीत. मला तुमचा राग आला आहे, मामा. खूप आला आहे. आणि तुमची काळजी वाटते, ती त्याहून जास्त.

आता माझी अवस्था ऐका. टेपच्या अहवालात एक रकाना आहे, ‘मूळ टेप अखंड आहे काय?’ खाली माझी सही. ‘होय’ लिहिलं तर गुरुवारी तीस माणसं ते ओठ बघणार, पट्टी बघणार आणि म्हणणार की हिनेच कापली, कारण टेप शेवटची हिच्याच हातात होती. नोकरी तर जाईलच, वर देशाचा इतिहास कापणारी बाई म्हणून मी पाठ्यपुस्तकात जाईन. ‘नाही’ लिहिलं तर बोट तुमच्या सहीकडे. मधला मार्ग म्हणजे फिल्मचेही तेवढेच अकरा सेकंद उडवायचे. खोटं कशाला बोलू, काल रात्री मी कात्री काढली होती, फिल्म मोजपट्टीवर लावून खूणही केली होती. हात थांबला. एका घरातल्या दोघांनी देशाची पहिलीच सकाळ दोनदा कापावी, हे काही मला बरं दिसेना.

मामींना नमस्कार. धाकट्यांना आशीर्वाद. तुम्हाला काय द्यावं ते सुचत नाही.

तुमची,
टाचणी

ता. क. हे पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात मूकबधिर मुलांच्या शाळेतल्या बाई येऊन गेल्या. त्यांना ओठ वाचता येतात, म्हणून मी बोलावलं होतं. चार वेळा फिल्म बघून त्यांनी लिहून दिलं. अध्यक्ष म्हणतात, ‘अरे, किती थरथरतोस. ठेव तो पेला. मीही घाबरलोय, पण आपण दोघं मिळून पार पाडू.’ मग खोकला. मामा, एवढंच होतं? याची लाज वाटून तुम्ही कापलंत? देश जन्मला त्या दिवशी त्याचा अध्यक्ष एका घाबरलेल्या पोराशी असं बोलला, हे ऐकायला मी अकरा सेकंद काय, अकरा तास उभी राहिले असते. मी तळघरात बसून रडले. पहारेकऱ्याला वाटलं, टेप जळली.

ता. क. २. वर मी ‘काय करू’ असा जो सूर लावला आहे, तो सोडून द्या. अहवालावर सही मी सकाळीच केली. ‘अखंड आहे काय?’ – ‘नाही. ध्वनिमुद्रक हयात असून गुरुवारी स्वतः येऊन सांगतील.’ तुम्हाला न विचारता लिहिलं, त्याबद्दल हवं तर कान धरा, पण इथे येऊन धरा. साडेआठला गाडी दाराशी येईल. संचालकांनी ते दोनदा वाचलं. मग वरच्या मजल्यावर जाऊन त्यांनी पहिल्या रांगेत, मंत्र्यांच्या शेजारी, एक खुर्ची स्वतः उचलून आणून ठेवली.