सोमवारी सकाळी नऊला, छपरीखाली

शुक्रवार, १ नोव्हेंबर
बोलगाटांगाला पोचलो. कंपनीने मला ‘स्थानिक पुरवठादार विकास अधिकारी’ केलं ते योग्यच. ऑफिसातले बाकी सगळे राजधानीचे, अक्राचे. मी इथला. दहाव्या वर्षी बोर्डिंगला गेलो म्हणून काय झालं, गाव रक्तात असतं.

काम सोपं आहे. आयिनपोकाबाईंच्या गटातल्या चाळीस बायका गवताच्या टोपल्या विणतात. आमच्या युरोपातल्या दुकानांना सहाशे हव्यात. त्याआधी गटाला ‘जबाबदार पुरवठादार’ सर्टिफिकेट लागतं. माझी चार ट्रेनिंग, मग २८ तारखेला रॉटरडॅमच्या हेन्रिके मॅडमचं ऑडिट. बायका नापास, तर ऑर्डर व्हिएतनामला. पास, तर मी रीजनल मॅनेजर.

ठराव : दर सोमवारी सकाळी नऊ. एक मिनिट इकडेतिकडे नाही.

असिबीमावशीकडे उतरलोय. तीही गटातलीच. उंबऱ्यावर तीन खडे मांडून ठेवते आणि रोज एक सरकवते. वय झालं. पाय अडखळेल म्हणून मी ते उचलून बाजूला केले. सुरक्षितता घरापासून सुरू होते.

सोमवार, ४ नोव्हेंबर
९.०० गटाच्या छपरीखाली मी आणि प्रोजेक्टर.
९.४० मी, प्रोजेक्टर, एक शेळी.
११.०० आवरलं.
संध्याकाळी मावशी म्हणाली, आज बाजार होता, आधी विचारायचंस तरी. मी तिला आठवण करून दिली की मी इथलाच आहे. नोंद : बोलगाटांगात सोमवारी बाजार असतो. ट्रेनिंग आता गुरुवारी.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
कोणी नाही. बाजार. आठवड्यात दोन बाजार भरवतात, मग म्हणतात विकास होत नाही. मावशी खडे दाखवून काहीतरी समजावायला बसली होती, पण अक्राहून साहेबांचा फोन आला. ठराव : सोमवार, गुरुवार कायमचे बाद. ट्रेनिंग बुधवारी, १३ला.

शनिवार, ९ नोव्हेंबर
सहज छपरीकडे गेलो, तर चाळीसच्या चाळीस हजर. ऑडिटचा फॉर्म भरून घेतला.
आग लागल्यास बाहेर पडायचे मार्ग किती? छपरीला भिंतीच नाहीत. ‘चार’ लिहिलं.
कच्चा माल स्थानिक आहे का? गवत दूर दक्षिणेतल्या कुमासीकडून ट्रकने येतं म्हणे. मला वाटत होतं इथेच उगवतं. ‘स्थानिक, व्यापक अर्थाने’ लिहिलं.
आयिनपोकाबाई बराच वेळ फॉर्म उलटसुलट करून बघत होत्या. मग म्हणाल्या, “साहेब, यात टोपलीबद्दल प्रश्न कुठंय?”
छान निरीक्षण, असं मी म्हटलं.
त्या म्हणाल्या, सगळ्या जमल्याच आहोत तर तुमचं ते ट्रेनिंग आत्ताच उरकून टाका. मी नकार दिला. एकदा वेळापत्रक मोडलं की शिस्त गेली.

बुधवार, १३ नोव्हेंबर
बाजार. चाळीस जणींसाठी चवळीची भजी आणली होती. अकरा मी खाल्ली. उरलेली शेळीने.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
एक्सेलमध्ये विश्लेषण केलं. सोमवारी बाजार, गुरुवारी बाजार, बुधवारी बाजार. म्हणजे मी दिवस ठरवला की बाजार भरतो. निष्कर्ष : बाजार ही सबब आहे. साहेबांना मेल : ‘उपस्थितीत काही सांस्कृतिक अडचणी. एकूण प्रगती समाधानकारक.’ पुढचं ट्रेनिंग मंगळवारी, १९ला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर
शेळी वेळेवर आली होती.

बुधवार, २७ नोव्हेंबर
हेन्रिके मॅडम आल्या. कमी बोलतात, जास्त लिहितात. उद्या सकाळी नऊला सगळ्यांनी छपरीत हजर राहायचं, असं गटाला बजावलं. आयिनपोकाबाई म्हणाल्या, उद्या बाजार आहे. मला हसू आलं.
“बाई, मी कुठलाही दिवस सांगितला की तुमचा बाजार असतोच.”
“तुमचा हातगुण, साहेब,” त्या म्हणाल्या. “नेमका तोच दिवस उचलता.”
मागून मावशीही हसत होती. घरचीच माणसं उलटतात.

गुरुवार, २८ नोव्हेंबर
छपरी रिकामी. मॅडमनी दहा मिनिटं वाट पाहिली. मग मॅडमच्या ड्रायव्हरने मला न विचारता गाडी बाजारात नेली. तिथे आमचा गट ओळीने बसलेला.
मॅडमनी एक टोपली उपडी केली आणि तिच्यावर उभ्या राहिल्या. टोपली हलली नाही. मग बायकांमध्ये बसून तीन तास बोलत राहिल्या. मजुरी किती, गवत कुठलं, कोण किती तास विणतं. माझा फॉर्म कोणी मागितला नाही.
गट पास. बायकांची एकच अट : माल बाजाराच्या दिवशी, बाजारातूनच उचलायचा. परतताना गाडीत मॅडमनी ड्रायव्हरला विचारलं, बाजार कधी असतो. तो म्हणाला, दर तिसऱ्या दिवशी, वार कुठलाही असो. मग त्यांनी मला माझ्या चारही ट्रेनिंगच्या तारखा विचारल्या. सांगितल्या. त्यांनी बोटांवर मोजलं आणि ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर खिडकीबाहेर बघू लागला.
रिपोर्ट : पुरवठादार उत्तम. मधला टप्पा अनावश्यक.
मधला टप्पा म्हणजे नक्की काय, ते विचारायचं राहून गेलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर
साहेबांचा फोन. रीजनल मॅनेजरचं नंतर बघू म्हणाले. सहाशे टोपल्या ट्रकमध्ये भरून टेमा बंदराला पाठवायच्या आणि मी अक्राला परतायचं. म्हणजे सर्वात महत्त्वाचा टप्पा शेवटी माझ्यावरच सोपवला.

रविवार, १ डिसेंबर
आज बाजार. स्वतः जाऊन पाहणी केली. तिसऱ्या दिवसाचं म्हणणं मला मान्य आहे, मी इथलाच. पण कंपनीचा आठवडा सात दिवसांचा आहे. आज रविवार आणि आज बाजार, म्हणजे रविवार चालतो हे सिद्ध झालं. ट्रक पुढच्या रविवारी, असं आयिनपोकाबाईंना सांगितलं.
त्या म्हणाल्या, “तुम्ही तुमचं बघा साहेब, आम्ही आमचं बघतो.”
सहकार्याची भावना रुजते आहे.

रविवार, ८ डिसेंबर
८.०० ट्रक घेऊन बाजारात. मैदान मोकळं. धूळ. शेळी.
८.२० मावशीला फोन. बाजार काल झाला. टोपल्याही कालच गेल्या. कुमासीहून गवत घेऊन आलेला ट्रक परत जाताना रिकामाच असतो, आयिनपोकाबाईंनी त्यातच भरून टेमाला पाठवून दिल्या. मॅडमना फोटो पाठवला, त्यांचं उत्तरही आलं.
८.३० ट्रकवाल्याने विचारलं, साहेब, भरायचं काय?
मी बॅग घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसलो.