तुकाराम मास्तरांचा निरोप

हॅमिल्टन,
सोमवार, ५ मे २०२५

चि. चंद्रशेखर,

आशीर्वाद वरच देऊन टाकतो. पत्राच्या शेवटी ते द्यायला मला तोंड उरेल की नाही, सांगता येत नाही.

मी बरा आहे. गुडघा आहे तसाच आहे. उत्तराने इथल्या डॉक्टरला दाखवलं. त्याने चाळीस मिनिटं बाहेर बसवून ठेवलं आणि "वयाच्या मानाने उत्तम" म्हणून घरी पाठवलं. हे मला माझ्या आरशानेही फुकटात सांगितलं असतं. जावईबापू 'ते रापा' नावाच्या भागातल्या दुधाच्या फॅक्टरीत पहाटेच्या पाळीला जातात. सकाळी दहापर्यंत धुकं इतकं की शेजारणीचं कुंपण दिसत नाही. ती बाई भली आहे, पिशव्या भरभरून फिजोआ नावाची इथली फळं आणून देते. खाऊन खाऊन कंटाळलो, मग तुझ्या बहिणीने त्याचा मुरांबा केला. तुझ्यासाठी एक बाटली बाजूला काढली आहे.

तू म्हणशील, अण्णांना ह्या वयात पत्राचं काय सुचलं, फोन का नाही केला. अरे, फोनवर तू "हं अण्णा, बोला अण्णा" करतोस आणि मी हवामान सांगून ठेवून देतो. गेली अडीच वर्षं आपण बापलेक हवामानच बोलतोय. सुमेधचं नाव काढलं की तुझी मीटिंग निघते. कागदाला मीटिंग नसते, म्हणून कागद.

तर आता नाव काढतो. तुझा मुलगा इथे येऊन गेला. परवा शनिवारी हॅमिल्टनला त्यांच्या बँडचा कार्यक्रम होता आणि मी गेलो होतो. ओरडू नकोस. उत्तरा बरोबर होती.

तू त्यांची काही खबर ठेवत नाहीस, स्नेहलता आई आहे, ती ठेवते पण तुझ्यासमोर बोलत नाही, म्हणून मी सांगतो. बँडचं नाव आयर्नबार्क ड्राइव्ह. ब्रिस्बेनमध्ये ज्या गल्लीतल्या गॅरेजात ही चार पोरं वाजवायची, त्या गल्लीचं नाव. संगीताच्या ह्या प्रकाराला मेटलकोर म्हणतात. मला विचारशील तर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्यात नवीन काही नाही. उजवा कान मी तिथेच ठेवून आलो. डाव्यात उत्तराने फोमचा बोळा घातला.

त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, त्यातला एक बारवाला आणि दोघं चुकून आत शिरलेले. सुमेध तिथली युनिव्हर्सिटी सोडून दिवसभर गोदामात खोके उचलायचा, तिथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. वर्षभरापूर्वी त्याने इंटरनेटवर वीस सेकंदांची एक क्लिप टाकली. आधी तोंडाने बोल म्हणतो, मग तेच ड्रमवर वाजवतो. ती म्हणे लाखो लोकांनी पाहिली. मग एका नावाजलेल्या बँडने त्यांना ऑस्ट्रेलियाभर आपल्या आधी वाजवायला नेलं. मग त्यांचा अल्बम निघाला. आणि आता न्यूझीलंडमध्ये पाच गावं, पोस्टरवर सगळ्यात वर ह्यांचंच नाव. ऑकलंड हाउसफुल. इथे पाचशे पोरं होती आणि सगळ्यांच्या अंगावर काळे टीशर्ट. उत्तराने मला पांढरा झब्बा घालून नेलं होतं, त्यामुळे मी हरवायची भीती नव्हती.

मला स्टेजच्या कडेला खुर्ची दिली. समोर पोरं एकमेकांना ढकलत होती, पण एक पडला की चौघं वाकून त्याला उचलायचे. गाणारी मुलगी, जेस तिचं नाव, एवढीशी आहे. तिने जी किंकाळी फोडली ती माझ्या गेलेल्या कानालाही ऐकू आली. गाणं संपल्यावर तीच पोरगी कडेला येऊन मला विचारते, "यू ओके, ग्रॅन्डपा?" मी अंगठा दाखवला.

आणि मग चौथं गाणं. त्यात मध्येच सगळं एकदम मंद झालं, पाचशे डोकी एका तालात खाली-वर व्हायला लागली, आणि चंदू, माझी बोटं आपोआप मांडीवर मोजायला लागली. तिटकत गदिगन धा. पुन्हा, तिटकत गदिगन धा. तिसऱ्यांदा तोच तुकडा आला आणि बरोब्बर समेवर पडला. तिहाई! मी "वाह!" म्हणून ओरडलो. कुणाला ऐकू गेलं नाही. तू आत शिकत असताना सहा वर्षं मी तुकाराम मास्तरांच्या क्लासबाहेर पायरीवर बसून मोजलंय. मला तबल्यातलं तेवढंच कळतं, पण तेवढं पक्कं कळतं.

चौघं मुक्कामाला उत्तराकडेच होती. रविवारी सकाळी तिने थालीपिठं लावली. गिटारवाल्याने सहा खाल्ली. दर वेळी म्हणायचा, धिस इज द लास्ट वन, आंटी. मी सुमेधला विचारलं, ही तिहाई तुला कुणी शिकवली रे?

"बाबांनी," तो म्हणाला.

मला वाटलं माझी थट्टा करतोय. म्हणाला, "नाही आजोबा, सीरियसली. न्गाउरंगा गॉर्जला ट्रॅफिक अडकलं की बाबा स्टीअरिंगवर वाजवतात. एव्हरी मॉर्निंग. स्कूलला जाताना मी मागे बसून कॉपी करायचो. ही डझन्ट इव्हन नो ही डझ इट."

ऐकलंस? जॉन्सनव्हिलच्या घरून त्या घाटाने खाली उतरताना रोज सकाळी तू वाजवतोस, आणि तुला पत्ता नाही.

मी म्हटलं, हे बापाला सांगितलंस का कधी? पुढचं तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत लिहितो. म्हणाला, ज्या दिवशी कॉलेज सोडल्याचं सांगितलं त्या दिवशी सांगायला गेलो होतो. तर बाबा म्हणाले, "संगीत आपल्या घरात नाही. मी सहा वर्षं तबला शिकलो, शेवटी माझ्या गुरूंनी माझा हात बघून सांगितलं की ह्याला यायचं नाही. मी मुकाट्याने सोडला. मी सोडू शकलो तर तूही सोडू शकतोस."

मी अर्धं थालीपीठ तसंच टाकून पानावरून उठलो.

तिथपासून आत्तापर्यंत मी हे पत्र मनात लिहितोय. प्रत्यक्ष लिहायला बसलो तर दोनदा पेन खाली ठेवलं. मध्येच उठून कपडे वाळत घातले, धुक्यात. उत्तरा म्हणाली, अण्णा, तुम्हाला काय झालंय? काही नाही झालं म्हटलं. बघ, खोटं बोलायची सवय किती मुरलेली आहे.

आता लिहितो.

मे अठ्ठ्याऐंशी. तू दहावीत जाणार होतास. तू आणि आई मामाकडे लग्नाला गेला होतात. मास्तर बोपोडीहून भर उन्हात सायकल मारत आपल्या क्वार्टरवर आले. म्हणाले, सुट्टीत चंदूला मुंबईला माझ्या गुरूंकडे नेतो, त्यांच्यापुढे वाजवू दे, ते ठेवून घेतील. मी चहा केला आणि "विचार करतो" म्हटलं. दोन दिवसांनी तबला-डग्गा कॅरिअरला बांधून मीच त्यांच्याकडे देऊन आलो. त्यांना सांगितलं, मुलालाच आता नको झालंय. आणि तू लग्नाहून आल्यावर तुला सांगितलं, मास्तर म्हणतात ह्याच्या हातात नाही, उगाच वेळ घालवू नका.

मास्तर असं कधीही म्हणाले नव्हते. मी खोटं बोललो, दोन्हीकडे.

का, ते विचारशील. कारखान्यात माझ्या हाताखाली शिकायला आलेली इंजिनिअर पोरं दोन वर्षांत माझे साहेब व्हायची. मला माझा मुलगा साहेब झालेला हवा होता. तू झालास. त्यामुळे आपण काही चुकीचं केलं असं मला कित्येक वर्षं वाटलंच नाही, आणि ह्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

तू रडला नाहीस. "बरं" म्हणालास आणि गणिताचं पुस्तक उघडलंस. मी खूश झालो, गाढवासारखा. त्यानंतर मास्तरांची गल्ली चुकवून तू लांबच्या रस्त्याने शाळेत जायचास, ते मला दिसत होतं. मास्तर बाजारात भेटले की विचारायचे, "चंदू भेटायलासुद्धा येत नाही हो?" मी म्हणायचो, अभ्यास. ते गेले तेव्हा तू इकडे आलेला होतास. मी तुला कळवलंही नाही. तुझ्या आईला सगळं ठाऊक होतं. शेवटच्या आजारात तिने दोनदा सांगितलं, "चंदूला सांगून टाका हो." मी तिलाही हो म्हटलं.

म्हणजे सुमेधला तू जे ऐकवलंस ते तुझं बोलणं नव्हतंच. ती माझी थाप होती. तू ती खरी मानलीस आणि प्रामाणिकपणे पोराला दिलीस. तुझा ह्यात दोष नाही. पण आता तुला माहीत झालंय, तेव्हा इथून पुढे असेल. रागवायचं तर माझ्यावर रागव. अबोला धरायचा तर माझ्याशी धर, मी तो कमावलाय. त्याच्याशी नको रे.

येत्या शनिवारी, दहा तारखेला, तुमच्या वेलिंग्टनला त्यांचा ह्या दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम आहे, संध्याकाळी साडेसहाला. दारावर पाहुण्यांच्या नावांची यादी असते, त्यात त्याने दोन नावं दिली आहेत, तुझं आणि स्नेहलताचं. हे तो बोलला नाही. जेस माझ्याबरोबर भांडी पुसत होती, तिने सांगितलं. म्हणाली, तो प्रत्येक ठिकाणी ही दोन नावं देतो. पहिल्यापासून. ब्रिस्बेनला, सिडनीला, सगळीकडे. त्या अकरा माणसांच्या कार्यक्रमालाही दिली होती.

मी येतोय. शुक्रवारच्या विमानाचं तिकीट काढायला लावलं आहे. साधी पोस्ट इथे रोज येत नाही, म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतो, बुधवारी तुझ्या हातात पडेल. मी तुझ्या घरी उतरू की नको, ते वाचून ठरव. नको म्हणालास तर तिथे जवळच 'लोअर हट' गावात उत्तराची मैत्रीण राहते, ती नेईल मला. त्यात मला काही वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण ते मी बघून घेईन. तुझी जागा मात्र रिकामी ठेवू नकोस.

आणि आता मुद्द्याचं. त्या दिवशी चहा पिऊन मास्तर उठले, सायकलपाशी गेले आणि परत दारात आले. तुला सांगा म्हणाले. शब्दन्‌शब्द आठवतो, एकदाही विसरलो नाही.

"काशिनाथराव, उजवा हात मी शिकवला. पण पोराचा डग्ग्यावरचा डावा हात माझ्याकडून आलेला नाही. तो त्याचा त्यानेच आणलाय. त्याला म्हणावं, जप."

हे तुझं होतं, चंदू. घे.

तुझा निरोप सदतीस वर्षं दाबून ठेवणारा,
अण्णा