केळ्यातली गोळी

चोपडा, १७ सप्टेंबर १९९४

बऱ्याच महिन्यांनी वही उघडली. तापाच्या साथीत लिहिणे राहूनच गेले. क्षमा, पण ती मागतो आहे कोणाची?

संध्याकाळी सखूअक्काच्या सुनेच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिली. हिवतापाचे जंतू तसेच आहेत. क्लोरोक्विनचा पूर्ण डोस मी स्वतः समोर बसून दिला होता. गोळी कडू, म्हणून अक्काने ती नेहमीसारखी केळ्याच्या तुकड्यात दाबून भरवली. उलटीही झाली नाही. मग माझेच काही चुकले का? वजन तर नीट घेतले होते. गोळ्याही नव्याच होत्या.

नोकरीची पहिली वर्षे आठवत राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी तेव्हा हीच गोळी, असेच केळे, आणि हुडहुडत आलेला माणूस आठवड्याच्या आत शेतात दिसायचा. लांबूनच हात हलवायचा. अक्कालाही मी असेच बरे केले होते. किती सोपे वाटायचे सगळे!

आज तिने विचारले, "डाक्टर, तुमनी गोळी बी मन्हासारखी म्हतारी व्हयनी का?"

मी हसलो. पण सुनेच्या कपाळाला हात लावला आणि हसू गेले. गोळी म्हातारी झालेली नाही, जंतू तिला सरावले आहेत. हे अक्काला सांगवले नाही. केळ्यातल्या गोळीवर तिचा किती विश्वास! पण तो जपत बसलो तर पोरगी हातची जाईल. अजून ती बोलते आहे, पाणी पिते आहे.

उद्या उजाडताच: अक्काला खरे सांगून सुनेला दवाखान्याच्या जीपने जळगावच्या मोठ्या रुग्णालयात दुसऱ्या औषधासाठी न्यायचे.