चिरानमधलं माझं घर

४ मार्च, मंगळवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात. आठवीत शाळा सुटली म्हणून काय झालं, शाळेला मी सोडलं, शाळेने मला नाही.
रोज पहाटे जपानी शब्द पाठ करणार. खोटं बोलणं बंद. आणि मीठ ओढायचं दाताळं या जन्मात हातात धरणार नाही. हा शेवटचा संकल्प जुना आहे, धरमतरच्या मिठागरातून निघालो तेव्हाचा.

५ मार्च
शब्द राहिले. इथे जपानात, कागोशिमाच्या ज्वालामुखीने राख टाकली, वाळत घातलेले दोन्ही शर्ट गेले. अशा वातावरणात अभ्यास होत नाही.

६ मार्च, गुरुवार
मोरूमामाचा फोन. माझ्यासाठी स्थळ आणलंय. खांब गावच्या पुंडलिककाकांची मुलगी आहे, ऋतुजा. नागोठण्याला मेडिकलच्या दुकानात बसते. फोटो पाठवला. झूम करून बघितला. मामा म्हणाला, शेतीवाली माणसं हायत, पोरगा राहतो कुठं ते आधी विचारतात.
मी काम करतो त्याच इंडियन हॉटेलच्या माळ्यावर राहतो. एका बाजूला कांद्याच्या गोण्या, दुसऱ्या बाजूला जितेश. हे सांगण्यासारखं नाही. तोंडातून आपोआप गेलं, सामुराईच्या जुन्या घरात राहतो, अंगणासकट. मामा म्हणाला, सामुराई म्हणजे काय रे? म्हणालो, आपल्याकडे सरदार असायचे ना, तसे. छाप पडली.
हे खोटं नाही. मार्केटिंग आहे.

७ मार्च
पुंडलिककाकांना घर बघायचंय. व्हिडिओवर. मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी.
जितेशला सांगावं लागलं. तो रोह्याचा, हॉटेलात तंदूर सांभाळतो, स्वतःला शहाणा समजतो. म्हणाला, सरदार, आधी त्या गोण्या हलवा, मला पाय पसरायचेत. दुर्लक्ष केलं. पण चिरानचं नाव त्यानेच सांगितलं. बसने जायचं. सामुराईंची जुनी गल्ली आहे, तिकीट काढलं की त्यांच्या अंगणात कोणीही जाऊ शकतं. कोणीही म्हणजे मीही. प्लॅन फुलप्रूफ.

११ मार्च, मंगळवार, सकाळी, बसमध्ये
दोन्ही बाजूंना चहाचे मळे. कटिंग करून आल्यासारखे. मळ्यात उंच दांड्यांवर पंखे लावलेत. जपानी लोक मजुरांची किती काळजी घेतात. (जितेश फोनवर म्हणाला, ते रोपांवर दव गोठू नये म्हणून असतात. त्याला काय कळतंय.)

११ मार्च, दुपारी
चिरान. दगडी भिंती, वर नीट छाटलेलं कुंपण. रस्त्याकडेच्या पाटात रंगीत मासे, हाताएवढे, आणि कोणी पकडत नाही. आमच्याकडे संध्याकाळपर्यंत कालवणात गेले असते.
घर निवडलं. पुढे मोठे दगड, झाडं, आणि अंगणभर पांढरी बारीक खडी. खडीवर दाताळ्याने ओढलेल्या सरळ रेघा. मला मीठच वाटलं. तोंडाला खारट चवसुद्धा आली. तिकीट खिशात लपवलं. ओसरीवर फोन टेकवला. आसपास कोणी नाही. कॉन्फिडन्स फुल.

११ मार्च, परतीची बस
सविस्तर लिहून ठेवतो, उद्या लोक वाट्टेल ते सांगतील.
फोन लागला. तिकडे पुंडलिककाका, ऋतुजा, मोरूमामा. आणि कोणी बोलावलं देव जाणे, आमचे बाबा. त्यांनी या वेळी मिठागरात असायला हवं होतं.
काका म्हणाले, घर बरा हाय. अंगण कोण राखतो? म्हणालो, मीच. काका म्हणाले, मग राखून दाखवा जरा.
दाताळं भिंतीला टेकलेलं होतं. बूट काढले, खडीत उतरलो. रेघा काढायच्या, एवढं मला माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं. हातांना लहानपणापासून एकच येतं, पाणी आटलं की मीठ ओढायचं आणि बांधाला रास घालायची. त्यात ऋतुजा बघत होती, मग जोर आला. थांबलो तेव्हा अंगणाच्या मधोमध माती उघडी पडली होती आणि मोठ्या दगडापाशी गुडघ्याएवढी टोकदार रास उभी होती.
फोनमधून बाबांचा आवाज आला, हात नाय विसरला पोरगा. पण खालची माती ओढलीस रे, मीठ काळा पडल.
तेवढ्यात घरातून म्हातारी मालकीण बाहेर आली. तिने रास बघितली. मला बघितलं. ओरडली नाही, कमरेत वाकली. मीही वाकलो. ती पुन्हा वाकली. हे बराच वेळ चाललं, फोन चालूच. शेवटी तिने दाताळं घेऊन एक रेघ काढून दाखवली आणि परत माझ्या हातात दिलं. मग रास मोडा, पसरा, रेघा काढा. वाकडी आली की ती बोट दाखवायची. पुसा, पुन्हा काढा. शेवटी तिने भाजलेलं रताळं दिलं आणि बरंच काही विचारलं. मी सगळ्याला मान हलवली आणि हॉटेलचं कार्ड दिलं.
फोनची बॅटरी कधी संपली माहीत नाही. लवकर संपली असावी.
एकूण कॉल चांगला झाला.

१३ मार्च
मामाचा फोन नाही. तिकडे नेटवर्क खराब असणार. शब्द राहिले. जितेशला सगळं सांगितलं ही चूक झाली, मी किचनमध्ये शिरलो की तो कमरेत वाकतो.

१४ मार्च, शुक्रवार. गावाला शिमगा
मामाचा फोन आला. पुंडलिककाकांचा निरोप जसाच्या तसा: पोरगा खोटं बोलतो, पण त्याला जमत नाय. असा जावई धोक्याचा नाय. आणि पोरगी दोन दिवस हसतेय, दुकानात गिऱ्हाइकाला खोकल्याच्या जागी जुलाबाचं औषध देत होती. होकार हाय.
मार्केटिंगचा असा फायदा होतो.
मग ऋतुजाचा मेसेज. आता खरं राहता ते दाखवा. कॅमेरा फिरवला. गोण्या, जितेशचे पाय, दोरीवर राखेचे शर्ट. ती म्हणाली, इथं बरे दिसता तुम्ही. मागून जितेश म्हणाला, वहिनी, एक गोणी तुमच्या नावाने हलवून ठेवतो.

१८ मार्च, मंगळवार
सुट्टी. सकाळचीच बस. त्या मालकीणबाईंनी हॉटेलात फोन केला होता, जितेशने उचलला. मी मान हलवली ती याला: त्यांचा माळी म्हातारा झालाय, दर मंगळवारी अंगण करशील का.
बसमध्ये बाबांचा फोन. कुठं निघालास? म्हणालो, चिरानला. माझ्या घरी. बाबा म्हणाले, म्हणजे दाताळं ओढायला. मग म्हणाले, तिकडं रास नाय घालत, तर करतात काय? म्हणालो, रेघा काढतात. पाऊस आला की जातात, पुन्हा काढायच्या.
बाबा म्हणाले, मिठागर टाकून गेलास तू. या अंगणात पिकतं तरी काय?
म्हणालो, रताळं.