शैलाची बॅग, दसऱ्यापर्यंत

२५ सप्टेंबर
आज परत. जेवणानंतर माझा डोळा लागला तेवढ्यात शै. बाहेर पडली. अंगावर गाऊन, पायात माझ्या चपला. साळवी स्टॉपला रस्त्यात उतरून हात दाखवून गाडी थांबवत होती. ती गाडी म्हणजे चिरे भरलेला ट्रक. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून. शेजारच्या नसीमभाभींचा दीर रिक्षा घेऊन जात होता, त्याने ओळखलं आणि घरी आणली.
कुठे निघालीस, विचारलं. "ड्युटी आहे. बॅग सापडत नाही माझी. भाऊ, तुम्ही पाहिलीत का?"
भाऊ. पॅसेंजरला म्हणायची तसं.
संध्याकाळी चहा घेताना परत 'अहो' झालो. पण दुपारचं ते

२६ सप्टें., गुरुवार
सदराची कॉपी वेळेत गेली. बायपासचे खड्डे. काय लिहिलं ते आत्ता विचारलं तर सांगता येणार नाही. पेपरातून निवृत्त झालो तरी गुरुवार सुटलेला नाही, आणि सुटू नये असंच वाटतं.
डॉक्टर म्हणाले, बाहेर पडणं वाढत जाईल. नाव-नंबर कायम अंगावर असू द्या.
अंगावर काही ठेवत नाही ती. नंबर कोरलेलं कडं संडासात टाकलं. गळ्यातलं कार्ड भाभींच्या मांजराच्या गळ्यात सापडलं. (तेव्हा हसलो होतो.) गाऊनला शिवलेली पट्टी दातांनी उसवली.
एकच वस्तू ती स्वतःहून मागते. एसटीत कंडक्टर होती तेव्हा बॅग कधी खांद्यावरून उतरली नाही, डबा खातानासुद्धा मांडीवर. नोकरी सोडताना डेपोत जमा करावी लागली. घरी आली तेव्हा सारखी डाव्या कमरेवर हात नेत होती.
बॅग अंगावर राहील. बॅगेत नंबर राहील.

२८ सप्टें.
स्टँडासमोर चपला शिवत बसणारे चव्हाण. डेपोच्या बॅगांची दुरुस्ती पूर्वी त्यांच्याकडेच. म्हटलं, करून द्या एक. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, बारीक शिवण जमत नाही. "चामडं देतो, टोचायला आरी देतो, कापायला रापी देतो. शिवायचं तुम्ही."
"मी?"
"बातमी लिवता ना? तसंच. मोजायचं, कापायचं, जोडायचं. फक्त इथं खोडरबर नाय."
म्हशीचं चामडं, कोल्हापूरहून येणारं. गुंडाळी काखेत मारून घरी आलो. शै.ने वास घेतला, बराच वेळ. मला भीती वाटली की काही आठवेल. आणि भीती वाटली की काहीच आठवणार नाही.

२९ सप्टें.
डेडलाइन ठरवली: दसरा. तिची बॅग आणि तिकिटांचा पंच दसऱ्याला पाटावर असायचा. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला आईने नाक मुरडलं होतं, चामडं देवापुढे कशाला म्हणून. शै. म्हणाली, "सासूबाई, तुमचा देव ह्याच पिशवीवर जेवतो." पुढच्या वर्षी झेंडूचा हार आईनेच घातला.
आज कागदावर माप काढून कापलं. मोठा कप्पा, पुढे छोटा चिल्लरचा, वरून झाकण. रापी धारदार आहे. काम झालं की कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. किल्ली खिशात आहे ना हे सारखं चाचपतो.

३० सप्टें.
मधूचा पुण्याहून फोन. तिला वाटलं होतं मी विकतची पर्स आणतोय. कंडक्टरची बॅग म्हटल्यावर म्हणाली:
"बाबा, आईच्या डोक्यात बॅग म्हणजे ड्युटी. बॅग दिलीत म्हणजे तुम्हीच तिला जा म्हणालात."
"बॅग नसतानाही जातेच ना."
"बॅग शोधण्यात तिचा वेळ जातो. तेवढा वेळ तुम्हाला मिळतो. विचार करा."
केला. पोरीचं चुकत नाही. माझंही चुकत नाही. हेच वाईट.

२ ऑक्टो.
शिवण. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर जातात. भोकं सारखी यावीत म्हणून चव्हाणांनी काट्याच्या चमच्याने खुणा करायला शिकवलं. त्यांच्याकडे काढलेली पहिली ओळ त्यांनी बोटाने चाचपली. "बातमी वाकडी गेली साहेब."
भोक चुकलं तर चुकलं. चामडं बुजत नाही.
शिवत असताना शै. शेजारी बसते, दोरा मेणातून ओढून देते. हे तिला जमतं. अशा वेळी वाटतं, सगळं ठीक आहे. मग ती उठते आणि माझ्या हातातली आरी तशीच राहते. कुठे जाते ते कानांनी बघतो. स्वयंपाकघर. बाथरूम. मग कडीचा आवाज येतो का.

५ ऑक्टो.
वरची कडी बसवून घेतली, तिचा हात पोचत नाही अशी. नसीमभाभी बघून म्हणाल्या, "दादा, आग लागली तर?"
हा विचारच केला नव्हता. आता तोच येतो. कडी काढून ठेवली. परत लावली.
भाभींचा नवरा बोटीवर असतो. जहाजाचा फोन लागत नाही तेव्हा त्या काय करतात, विचारलं. "भांडी घासतंय. घासलेली परत घासतंय."

८ ऑक्टो.
पट्टा झाला. अंगावर घालून बघ म्हटलं. घातला, आरशात नाही, माझ्याकडे बघितलं. "लांब झाला. गर्दीत बॅग मागे जाते. कोणीही हात घालील." दोन बोटं दाखवली, एवढा कमी.
दोन बोटं कमी केला. मग सुचलं की पट्टा आखूड झाला तर झोपेत गळ्याला. खिडकीच्या गजात. फाटकाच्या आकड्यात. आडवा पट्टा अडकायच्या किती तऱ्हा आहेत. चव्हाणांना विचारलं, जोराने ओढला तर सुटेल असं काही बसवता येईल का. त्यांनी खांद्याजवळ एक चाप बसवून दिला. ते म्हणाले, "असा चाप लहान पोरांच्या दप्तराला लावतात." पैसे घेतले नाहीत.

१० ऑक्टो., गुरुवार
कॉपी गेली.
झाकणाच्या आतून नंबर. शाई पुसली जाईल म्हणून खिळा तापवून डागला. आधी नाव, मग दहा आकडे. चामड्याचा जळका वास घरभर. एक आकडा चुकला तर सगळंच फुकट. डागण्याआधी माझाच नंबर मी फोनमध्ये बघून घेतला. मोठ्याने वाचला. शै.ने आतून माझ्या मागोमाग म्हणून दाखवला, पाठ असल्यासारखा.
परत विचारला तर, "कुठला नंबर?"

१२ ऑक्टो., दसरा
सकाळी बॅग पाटावर. हळदकुंकू, झेंडू. पंच नाही, तो डेपोत. शै. स्वयंपाकघरात गेली आणि सांडशी आणून बॅगेशेजारी ठेवली. अगदी बरोबर ठेवली. गरम भांडं धरायची सांडशी, पण पंचासारखेच दोन दांडे, मधे खिळा. नमस्कार केला. मग बॅग उचलून खांद्यावर घातली. डावा हात आपोआप झाकणावर गेला.
दिवसभर एकदाही दाराकडे गेली नाही. जेवताना बॅग मांडीवर. मधूला फोटो पाठवला. तिने नुसतं "छान" लिहिलं.
संध्याकाळी सोनं द्यायला लोक. प्रत्येकाने दिलेली आपट्याची पानं शै. मोजून चिल्लरच्या कप्प्यात टाकत होती आणि ज्याला त्याला वर्तमानपत्राचा तुकडा फाडून देत होती. "पुढे सरका. मागे मोकळं आहे." लोक हसून पुढे सरकत होते. मीही हसलो.
माणसं येत-जात होती म्हणून दार उघडं. वरची कडी मीच काढली होती.
कोणाच्या मागून गेली कळलं नाही.

(तोच दिवस, पुढे)
नसीमभाभी विहिरीकडे गेल्या. मी खाडीच्या रस्त्याने निघालो, का ते माहीत नाही. फोन दोनदा हातातून पडला. तिसऱ्यांदा उचलला तर वाजत होता.
"शैलाबाई तुमच्या कोण?"
राजापूर गाडीचा कंडक्टर. पोरगेला आवाज. "बसल्यात माज्या सीटवर. तिकिटं मागतायत. मी म्हटलं मावशी, मी हाय कंडक्टर. तर म्हणतात, नवीन दिसतोस, घंटीची दोरी एकदा ओढलीस तर गाडी थांबते मेल्या, दोनदा ओढ. सुट्टे द्यायला झाकण उघडलंनी, तिथं नंबर दिसला. हातखंब्याला गाडी उभी करून ठेवलीय काका, लोक ओरडतायत, लवकर या."
रिक्षा. हायवेचे दिवे. गाडीत चढलो तर कंडक्टरच्या सीटवर, पाठ ताठ, बॅग मांडीवर. दोन वर्षांत तो चेहरा पाहिला नव्हता. माझ्याकडे बघितलं. "चला, उतरून घ्या. हातखंबा."
उतरायची नाही म्हणाली. मग त्या पोराने तिच्यापुढे हात पसरला. "मावशी, ड्युटी बदलली. बॅग माझ्याकडे द्या, डेपोत जमा करतो." तिने लगेच दिली. त्याने खाली उतरून ती माझ्या हातात दिली.

१३ ऑक्टो.
नंबर होता म्हणून मिळाली. बॅग होती म्हणून गेली. एवढंच लिहून बसलोय सकाळपासून.
मधू: "जाळून टाका ती." मग रडली. मग म्हणाली, पुढच्या शनिवारी येते.
बॅग कपाटात, कुलपात. आत आपट्याची पानं तशीच आहेत.

१५ ऑक्टो.
दिवसभर शोधते. गादीखाली, तांदळाच्या डब्यात, फ्रीजमध्ये. डावा हात कमरेवर. दुपारी मागच्या दाराने फाटकापर्यंत गेली होती, अनवाणी. अंगावर ओळखीचं काही नाही. ना नाव, ना नंबर. भाभींनी अडवलं. रस्ता तिथून चार पावलांवर.
म्हणजे बॅग दिली तरी

१६ ऑक्टो.
चव्हाण. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, चप्पल शिवणं थांबवलं नाही. "झाकणावर बाहेरून मोठा नंबर घाला. लांबून दिसंल."
"म्हणजे द्यायची?"
"ते मी काय सांगणार. तुमची बाईल, तुमचं घर." दोरा ओढता ओढता, "शिवण सुटली नाय ना?"
नाही सुटली.

१७ ऑक्टो., गुरुवार
कॉपी गेली. शेवटचा परिच्छेद दोनदा गेला, तिकडून फोन आला, विचारलं बरे आहात ना.
दुपारी वरची कडी लावली, मागचं दार बंद केलं, मग कपाट उघडलं. बॅग टेबलावर ठेवली आणि मी पेपर घेऊन खुर्चीत बसलो, बघत नसल्यासारखा. तिने बॅग घातली. पट्टा ओढून पाहिला. चाप धरला. सांडशी घेऊन आली आणि खिडकीच्या गजावर टकटक केलं, पंचाने करायची तसं.
माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "कुठे जायचं?"
"राजापूर."
"एकटेच?"
मला 'हो' म्हणता आलं नाही. "दोघं."
"दुसरं कोण?"
"बायको. येतेय मागनं."
तिने पेपराचा कोपरा फाडला, दोनदा. दोन्ही तुकड्यांवर सांडशी दाबली आणि माझ्या हातात दिले. मग दाराकडे बघितलं. बराच वेळ. मीही बघितलं.
"लवकर बोलवा त्यांना," म्हणाली. "गाडी थांबायची नाही."
हे लिहितोय तेव्हा ती समोरच्या खुर्चीत आहे, बॅग मांडीवर, हात झाकणावर. संध्याकाळी दूधवाला येईल. कडी काढावी लागेल. दोन्ही तिकिटं माझ्या खिशात, किल्लीशेजारी.